म्हैस आटल्यावर

ऑपरेशन करायचं की नाही हे तुम्ही ठरवा, असं डॉक्टर म्हणाले आणि मी गांगरले. आमच्या घरात दवाखान्यातले निर्णय ज्याचे त्यानं घ्यायची पद्धत नाही. लहानपणी माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा आबांनी सही केली. बाळंतपणात सासूबाई आणि सिस्टर यांनी बाहेरच्या बाहेर काय ते ठरवून टाकलं. अक्कलदाढेच्या वेळी तर दाढेनंच ठरवलं. आता पन्नाशी ओलांडल्यावर माझ्याच उजव्या मनगटाबद्दल मला मत विचारलं जात होतं, आणि माझ्यापाशी मत नव्हतं.

बरं, आजार तरी असा की कुणाला दाखवायची सोय नाही. ताप नाही, सूज नाही, लंगडणं नाही. हात बाहेरून धडधाकट. कार्पल टनेल सिंड्रोम हे नाव कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत सांगितलं तेव्हा समोरच्या काकू म्हणाल्या, “हे आणि कुठनं आणलासा?” तेव्हापासून मी नुसतं ‘नस दबलीय’ म्हणते. तेवढं सगळ्यांना कळतं, आणि कळलं की सल्लाही लगेच मिळतो.

सुरुवात रात्रीच झाली होती. दोन-अडीचच्या सुमाराला जाग यायची ती बोटांत भरलेल्या मुंग्यांनी. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू. करंगळीला यातलं काही नाही. उठून हात खाली सोडायचा, जोरानं झटकायचा, बादलीतल्या गार पाण्यात बुडवायचा आणि पुन्हा आडवं व्हायचं. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं तेच हे, रात्री उठून हात झटकता का? मी होय म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. मग दोन्ही हातांचे पाठीकडचे भाग एकमेकांना टेकवून मनगटं मिनिटभर वाकवून धरायला लावली. मिनिट पुरं व्हायच्या आत बोटं झिणझिणली. मनगटावर टिचकी मारली तर मधल्या बोटाच्या टोकापर्यंत करंट गेला. पहिल्या चाचणीला क्लीव्हलंडच्या जॉर्ज फेलन यांचं नाव आहे, दुसरीला टिनेल या फ्रेंच डॉक्टरांचं. माझ्या हातात दोन परदेशी पाहुणे एका दमात येऊन गेले.

त्याआधी वर्षभर माझ्या मानेवर उपचार चालले होते. मणक्याचा फोटो, पट्टा, गोळ्या, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं. पन्नाशीतल्या बाईच्या मानेचा फोटो काढला की काही ना काही झिजलेलं निघतंच, त्यामुळे ते निदान कुणाला खोटं वाटलं नाही. पुढे वाचताना कळलं की ही परंपरा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुष्कळ डॉक्टर हाताच्या अशा बधिरपणाचं मूळ मानेत, नाहीतर मानेजवळच्या जास्तीच्या बरगडीत शोधायचे. मनगटात दबलेल्या नसेचं वर्णन मात्र जेम्स पॅजेट यांनी १८५४ सालीच करून ठेवलं होतं. १९१३ साली पिएर मारी आणि शार्ल फ्वा या दोघांनी ऐंशी वर्षांच्या एका मृत रुग्णाची मनगटं उघडून पाहिली. अंगठ्याखालचं मांस पार वाळून गेलेलं होतं, आणि मनगटातल्या आडव्या पट्ट्याच्या जरा वर नसेला फुगवटा आला होता. वेळेत ओळखलं आणि हा पट्टा कापला तर पुढचं टळेल, असं त्यांनी तेव्हाच सुचवलं. रुग्ण जिवंत असताना कुणी हे केलं असतं तर, असं वाचताना वाटून गेलं. जेम्स लर्मंथ यांनी असं ऑपरेशन केल्याची नोंद १९३३ मधली आहे, आणि ते सर्रास व्हायला लागलं ते फेलन यांच्या खटपटीनंतर, १९५० च्या पुढे. म्हणजे उपाय सुचल्यापासून तो दारात यायला पिढी-दीड पिढी गेली. माझं वर्षभर मानेला पट्टा बांधणं त्या मानानं काहीच नाही.

आत घडतं ते असं. मनगटात तळहाताच्या बाजूला आठ छोट्या हाडांची पन्हळ असते आणि तिच्यावर एक जाड पट्टा आडवा ताणलेला असतो. त्या अरुंद वाटेनं बोटं वाकवणारे नऊ स्नायुबंध जातात आणि त्यांच्याबरोबर एकच नस. नवरात्रात महाद्वार रोडवर नऊ आडदांड पोरांच्या घोळक्यात एखादी म्हातारी सापडावी, तशी तिची गत. स्नायुबंधांवरचं आवरण जरा सुजलं की चेपली जाते ती. झोपेत मनगट मुडपलं जातं, म्हणून रात्री कहर. तळहाताच्या मध्यावरची त्वचा शाबूत राहते, कारण तिकडे जाणारी फांदी या वाटेत शिरायच्या आधीच फुटलेली असते. थायरॉइड, मधुमेह, संधिवात, गरोदरपण, मनगटाचं जुनं मोडणं, अशी कारणांची यादी आहे आणि बायकांचं प्रमाण पुरुषांच्या कितीतरी पुढे आहे. माझं थायरॉइड आणि साखर दोन्ही ठीक निघालं. ऑपरेशन म्हणजे तो पट्टा कापून वाट मोकळी करायची. तेवढाच हात बधिर करतात, पंधरा-वीस मिनिटांत उरकतं, संध्याकाळी घरी.

इतकं सोपं आहे तर अडतंय कुठं, असं माझ्या मुलानं पुण्याहून फोनवर विचारलं. मला ते धड सांगता आलं नाही.

तपासणीच्या कागदावर डॉक्टरांनी विचारलं होतं, काय काम करता? हायस्कूलमध्ये मराठी शिकवते, असं सांगितलं. म्हणजे लिखाण, असं म्हणून त्यांनी काहीतरी टिपलं. बाहेर आल्यावर मी मनाशी मोजायला लागले. खडू आणि लाल पेन हे तर झालंच. पण सकाळी कणीक मळताना तळहाताची मुळाकडची बाजू जेवढी दाबते तेवढी खडूनं कधी दाबली नसेल. भाकरी थापणं, पाट्यावर खर्डा रगडणं, चादरी पिळणं, नारळ खवणं, बसच्या दांड्याला लटकणं, स्कूटीची मूठ पिळणं. निऱ्या घालून पिन लावणं हे तर अलीकडे सर्कशीतलं काम झालं होतं. पिन धरलीय की सुटलीय हे बोटांना कळायचं नाही, डोळ्यांनी बघावं लागायचं. या सगळ्याचं एका शब्दात उत्तर काय द्यायचं?

दवाखान्यातल्या बाकावर शेजारी सुभाषनगरची एक बाई बसली होती. दोन्ही हातांना मुंग्या, उजव्याला जास्त. काय काम करता विचारल्यावर ती म्हणाली, “मी घरातच असतो की. काम कसलं?” थोडं बोलल्यावर कळलं, तिचा नवरा पायताणं करतो. तो कातडं कापतो, तळ ठोकतो आणि ही घरात बसून वेण्या घालते. चामड्याच्या बारीक वाद्यांच्या वेण्या, रोजच्या रोज. चिमटीत धरायचं, ओढायचं, पीळ आवळायचा. खऱ्या कोल्हापुरीला खिळा चालत नाही, सगळी शिवण चामड्याच्याच दोरीनं, हे आपण गिऱ्हाइकाला मोठ्या अभिमानानं सांगतो. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं तशीच चप्पल मॉडेलांच्या पायात घातली आणि गावभर संताप झाला. श्रेय कुणाचं यावर पेपरातून रकाने भरले. मीही चार लोकांत तावातावानं बोलले. त्या चर्चेत पाय होते, किंमत होती, गावाचं नाव होतं. चिमूट नव्हती. आणि जिची चिमूट होती ती दवाखान्यात सांगत होती की आपण काम करत नाही.

ब्रिटनमध्ये थरथरणारी यंत्रं हातात धरून काम करणाऱ्यांना हा आजार झाला तर तो कामामुळं झाला असं धरतात, नुकसानभरपाईच्या यादीत तो आहे. आपल्या शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत ओतीव मालाला ग्राइंडर लावणारी पोरं हे वाचून काय म्हणतील कोण जाणे. कीबोर्डनं हा आजार होतो असा जो समज आहे, त्याला मात्र फारसा भक्कम पुरावा मिळालेला नाही. जोर लावून पुन्हा पुन्हा मूठ आवळणं, मनगट वाकलेलं ठेवून ताकद लावणं, थरथर, असल्या कामांविरुद्ध पुरावा जास्त आहे. म्हणजे ज्यांच्याकडे आजाराचं इंग्रजी नाव आहे त्यांच्यापेक्षा ज्यांच्याकडे नाही त्यांचा हा आजार आहे.

संक्रांतीला मी माहेरी गेले. पन्हाळ्याच्या पायथ्याला गाव. दादा, वहिनी, दोन म्हशी, थोडा ऊस. वहिनींना मी माझ्या मनगटाचं सविस्तर पुराण सांगितलं. रात्रीची जाग, झटकणं, करंट. त्या चुलीपाशी बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, “मला बी व्हतं की वन्सं हे. चार-पाच वर्सं लई कळ मारायची. आता न्हाई. गेलं आपसूक.”

मी त्यांचा हात हातात घेतला. अंगठ्याच्या मुळाशी जी गादी असते ती उजव्या हाताला उरलेलीच नव्हती. तिथं खोलगट खळगा होता आणि कातडीखाली हाड लागत होतं. तर्जनीच्या टोकावर भाजल्याचा फोड होता. कधी भाजलं, विचारलं तर त्यांना आठवेना. भाकरी उलटताना तवा लागला असेल, म्हणाल्या. लागला तेव्हा कळलं नाही, फोड आल्यावर कळलं.

माझ्या डॉक्टरांनी मला तीनदा बजावलं होतं की दुखणं कमी झालं म्हणून खूश होऊ नका, बधिरपणा कायमचा राहायला लागला किंवा अंगठा कमजोर पडला तर लगेच या. नस ओरडते तोवर ती जिवंत आहे. फार काळ दबली की ओरडायची थांबते. ते मी नुसतं ऐकलं होतं. वहिनींचा हात बघितल्यावर दोन्ही पायांतलं बळ गेलं. चार-पाच वर्षं ही बाई रात्री उठून हात झटकत होती, शेजारी दादा झोपलेला होता, आणि मी दर सुट्टीला जाऊन त्यांच्या हातच्या भाकऱ्या खाऊन येत होते.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा धार काढणं नीट बघितलं. जन्म त्या घरातला, पण बघितलं असं तेव्हाच. वैरण टाकली, आंबोण पुढं ठेवलं, कासेला पाणी मारून सड चोळले. म्हशीनं पान्हा सोडला की मग पाच-सात मिनिटांचा खेळ, तेवढ्यात कास रिकामी करायची. दोन्ही मुठी एकाआड एक, अंगठा आत दुमडलेला, मनगट वाकलेलं. जनावरांचे डॉक्टर सांगतात अंगठा दुमडू नका, सडाला इजा होते. काढणाऱ्याच्या हाताचं कुणी सांगत नाही. सकाळी दोन म्हशी, संध्याकाळी दोन म्हशी, वर्षाचे बारा महिने, लग्न होऊन आल्यापासून.

कोल्हापूरला दुधाचं कोण कौतुक. रात्री गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून ग्लासात धार मारून देतात, तो फेस बघायला बाहेरगावची माणसं येतात. तालमीतल्या पैलवानांच्या खुराकाच्या गोष्टी तर लहानपणापासून ऐकलेल्या. १९६३ साली जिल्ह्याचा दूध संघ झाला, गोकुळ म्हणून तो घराघरांत गेला, आणि दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलानं आमच्यासारख्या किती घरांतली पोरं शिकली. माझ्या बी.एड.ची फी त्या बिलातूनच भरली गेली. तेव्हा धार आई काढायची. तिच्याही हाताला मुंग्या यायच्या. ती लसूण कडवलेलं तेल चोळायची आणि आम्ही त्याला वात म्हणायचो.

मी वहिनींना म्हटलं, दोघी मिळून ऑपरेशन करून घेऊ. त्या हसल्या. “आणि म्हशी?”

तोवर माझ्या डोक्यात हा प्रश्न वैद्यकीय होता. त्या एका शब्दानं तो घरचा झाला. मी विचारलं, एक आटली की मग? तर त्यांनी मला समजावलं, लहान पोरीला समजावावं तसं. चंद्री आटते तेव्हा मोरी व्यालेली असते, मोरी आटते तेव्हा चंद्री. तसंच जुळवून आणलेलं असतं. वर्षातला एक दिवसही डेअरीचं दूध बंद पडू नये, बिल थांबू नये, म्हणून म्हशी वेगवेगळ्या वेळी भरवायच्या. म्हैस दहा महिन्यांनी विते आणि त्याआधी दोनेक महिने तिला आटवतात, म्हणजे पोटातल्या रेडकाला आणि कासेला विश्रांती मिळते. जनावराच्या विश्रांतीचा हिशेब या घरात पक्का होता. आणि तो ज्या रीतीनं बसवलेला होता त्या रीतीत वहिनींच्या मुठीला कधीच सुट्टी येणार नव्हती. यात कुणाचं दुष्टपण नाही. दादा काही बसून खात नाही, उसाला पाणी पाजायला तो रात्री-अपरात्री जातो, कारण वीज तेव्हाच असते. घर चालायचं तर असंच चालतं.

परत आल्यावर मी वाचायला बसले. नेदरलँड्समधला २००२ सालचा एक अभ्यास हाती लागला. १७६ रुग्ण, निम्म्यांना रात्री मनगट सरळ धरणारी पट्टी, निम्म्यांचं ऑपरेशन. दीड वर्षानं ऑपरेशनवाल्यांत १०० पैकी ९० बरे आणि पट्टीवाल्यांत ७५. हे आकडे बघून मला पट्टी बरी वाटली होती. ७५ म्हणजे आमच्या शाळेत डिस्टिंक्शन. पण खाली लिहिलं होतं की पट्टीवाल्यांपैकी ४१ टक्के लोकांनी तोवर ऑपरेशन करून घेतलेलंच होतं. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाचंही तेच. स्वीडनमधल्या २०१३ च्या अभ्यासात मोठा डोस घेतलेल्यांपैकी ७३ टक्क्यांना वर्षाच्या आत शेवटी टेबलावर जावं लागलं. काही आठवडे आराम मात्र चांगला मिळतो. बाळंतपणातला त्रास बहुधा बाळंत झाल्यावर जातो, सौम्य त्रास पट्टीनं आटोक्यात राहू शकतो, आणि ज्याचं मांसच वाळायला लागलंय त्यानं वाट बघू नये, इतपत सगळ्यांचं एकमत दिसलं. मधले जे आहेत, माझ्यासारखे, त्यांना कुणी काही ठामपणे सांगत नाही. नसेचा करंट तपासला तर माझा रिपोर्ट ‘मॉडरेट’ आला. आयुष्यभर मध्यमवर्गात काढल्यावर नसही मध्यमच निघावी, हे ओघानं आलं.

गल्लीतल्या सल्ल्यांची गंमत अशी की त्यात खोटं कुणीच बोलत नव्हतं. एकीच्या जावेला ऑपरेशनच्या पहिल्याच रात्री गाढ झोप लागली, वर्षात प्रथमच. दुसऱ्याच्या मामींना सहा महिने तळहात टेकवता येत नव्हता. दोन्ही खरं आहे. रात्रीची कळ बहुतेकांची झटकन जाते. कापलेल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना, तळहाताच्या मुळाशी, दुखणं मात्र आठवडे-महिने रेंगाळतं, आणि मुठीत पूर्वीचा जोर यायला तीन-एक महिने लागतात. फार दिवस दबलेल्या नसेचा बधिरपणा पूर्ण जाईलच असं नाही. नस वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर त्या चालीनं मोजून बघा. क्वचित नसेची फांदी दुखावते, क्वचित जखम चिघळते. हे सगळं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, पण गल्लीनं सांगितल्यावर ते जास्त पटलं. एका काकांनी बिब्ब्याचा डाग सुचवला. त्यांना मी चहा दिला आणि विषय बदलला.

या सगळ्यात मला माझी भीती सापडली ती वेगळ्याच ठिकाणी. सुरीची भीती मला नव्हती. मला नको होतं ते सहा आठवडे कुणाला तरी ‘हे उचलून दे, ते पिळून दे’ म्हणणं. केस विंचरायला, ब्लाउजचे हूक लावायला दुसऱ्याचा हात मागणं. घरातल्या ज्या कामाला कधी काम म्हटलं नाही, ते थांबलं की सगळ्यांना दिसणार, आणि माझ्या नसलेल्या हाताचा बोजा कुणावर तरी पडणार. यजमान म्हणाले, “डबा लावू.” त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं की मला जरा रागच आला. वीस-पंचवीस वर्षं सहज डबा लावता येत होता तर मग मी काय करत होते?

वहिनींना फेब्रुवारीत मीच तपासायला घेऊन आले. रिपोर्टवर ‘सिव्हिअर’. डॉक्टरांनी त्यांनाही विचारलं, काय काम करता? मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, “धारा काढतो.” डॉक्टरांनी मान वर केली. ते स्वतः गडहिंग्लजकडचे निघाले. रोज किती, दोन्ही हातांनी का, अंगठा कसा धरता, सगळं विचारलं. मग म्हणाले, आपण पट्टा कापू, पण वाळलेली गादी परत भरेल याचा शब्द देत नाही. जे उरलंय ते राखायचं आहे. त्यामुळं आता लांबवू नका. वहिनी म्हणाल्या, चंद्री जेष्ठात आटती. तेव्हा एकच म्हैस राहील. डॉक्टर कॅलेंडरकडे बघत बसले. “पावसाळ्याच्या आत या,” एवढंच बोलले आणि तोवर रात्री बांधायला पट्टी लिहून दिली. चार महिन्यांनी नसेला किती फरक पडेल हे मी त्यांना बाहेर गाठून विचारलं. थोडा पडेल, म्हणाले, पण मी आज तारीख दिली तर त्या येणार आहेत का?

त्याचं उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

माझी तारीख मेमधली धरली, दहावीचे पेपर तपासून संपल्यावरची. मॉडरेट असूनही मी ऑपरेशन का करून घेतलं, असं मला पुष्कळांनी विचारलं. मी सांगते, रात्रीची झोप. ते खरंच आहे. पण वहिनींचा तो अंगठा मी बघितला नसता तर मी अजून दोन-तीन वर्षं पट्टीवर काढली असती, आणि एके दिवशी दुखायचं थांबलं म्हणून पेढे वाटले असते. माझ्याकडे सुट्टी होती, पगार चालू होता, डबा होता. ज्याला थांबता येतं त्यानं तरी थांबावं, इतका साधा हिशेब होता तो. टेबलावर मी पूर्ण जागी होते. पडद्याआडून डॉक्टर सहायकाशी आंब्याच्या पेटीचा दर बोलत होते. दर जास्त होता असं माझंही मत पडलं.

टाके निघाल्यावर मी माहेरी गेले, मेमध्ये लेकी जातात तशी. आणि तिथं जे व्हायचं तेच झालं. माझा हात गळ्यात, मला भाकरी मोडून द्यायची ती वहिनींनी. माझी साडी पिळायची ती वहिनींनी. माझ्या मोकळ्या झालेल्या नसेचं काम त्यांच्या चेपलेल्या नसेवर गेलं. मी कुरकुर केली तर म्हणाल्या, “गप बसा वन्सं, जेष्ठात तुम्ही करा.” मी करणार होते हे खरंच, पण धार मला येत नाही. त्या घरात जन्मून येत नाही.

म्हणून दादाला बसवायचं ठरलं. दादा साठीला टेकलेला, त्यानं पोरपणी धारा काढलेल्या, नंतर ते काम बायकांकडं गेलं ते गेलंच. पुतण्या शिरोलीला पाळीवर जातो, त्याचा भरवसा नाही. मशीन घ्यायचं निघालं होतं, पण मोरी मशीनच्या आवाजाला बुजेल आणि त्या वेळेला वीज असेलच असं नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. म्हशीला हात ओळखीचा लागतो. वहिनींचं ऑपरेशन व्हायच्या आधी महिनाभर तरी मोरीला दादाच्या हाताची सवय व्हायला हवी होती.

पहिल्या दिवशी मोरीनं पान्हाच चोरला. शेपटीचा फटका दादाच्या तोंडावर. दुसऱ्या दिवशी वहिनी तिच्या मानेशी उभ्या राहिल्या, गळा खाजवत, तेव्हा कुठं कास उतरली. दादाची बोटं दुखून आली, तो मला म्हणाला, “आयला, ह्यात लई जोर लागतो की गं.” मी काही बोलले नाही. वहिनीही बोलल्या नाहीत, पण त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं.

आठवड्याभरानं डेअरीच्या चिठ्ठीवर फॅट घसरलेलं आलं. सातच्या वर असायचं ते सहाच्या घरात. दादा म्हणाला, यंत्रात काहीतरी घोळ असणार, नाहीतर पेंड बदलली म्हणून. वहिनींनी चिठ्ठी उजेडात धरून वाचली आणि सरळ गोठ्याकडं चालू लागल्या. पाठोपाठ दादा, त्याच्या मागं गळ्यात हात अडकवलेली मी. मोरीच्या सडाला बोट लावून त्यांनी चार धारा जमिनीवर काढून दाखवल्या, दाट.

“शेवटचं सोडून उठतायसा तुम्ही. फॅट सगळं तिथंच असतंय. बसा परत.”

दादा बसला.